किल्ल्यावरच्या मावळ्यांचा साचा

दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी, बापट कॅम्प इथल्या कुंभारांच्या दारात मुलं दिवाळीत बांधतात त्या किल्ल्यावरची चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती, मांडली जातात. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, भालदार, तुतारीवाला, तोफ, बैलगाडी, डोईवर घागर घेतलेली बाई. वीतभर उंचीची ही माणसं शाळेत न जाणारं पोरही ओळखतं. जिरेटोप आणि टोकदार दाढी म्हणजे महाराज, झुपकेदार मिशा आणि पागोटं म्हणजे मावळा. ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या घडवली गेली आहे, आणि घडवणारे बरेच हात कोल्हापूरचे होते.

मातीची माणसं करण्याची कला इथल्या मुलखात फार जुनी. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातलं नांदतं गाव उजेडात आलं.   पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून, त्यांत माती दाबून पोकळ मूर्ती काढण्याचं तंत्र दख्खनमध्ये सातवाहनकाळातच रुजलं होतं. आजचा मावळाही दोन भागांच्या साच्यातूनच निघतो. शाडूच्या जोडीला प्लॅस्टर ऑफ पॅरिस आलं, हाताच्या कुंचल्याबरोबर रंगाची फवारणी आली, साच्याची रीत मात्र टिकली.

साच्यातला चेहरा कुठून आला, हे पाहू लागलं की विसाव्या शतकात यावं लागतं. सतराव्या शतकात काढलेली शिवाजी महाराजांची काही लघुचित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत. त्यांत महाराज बहुधा एका बाजूने दिसतात : धारदार नाक, दाढी, डोईवर तुरा लावलेली पगडी. ही चित्रं सामान्य माणसापर्यंत पोचली नव्हती. एका भलत्याच सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच चित्राच्या आधारे अस्सल रूप लोकांसमोर ठेवलं, तेव्हा ती चूक मागे पडली.

लोकांच्या डोळ्यांत रूप ठसवलं ते पुतळ्यांनी, सिनेमाने आणि भिंतीवरच्या तसबिरींनी. महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुण्यात उभारण्याचा ध्यास राजर्षी शाहूंनी घेतला. वि. पां. करमरकरांनी घडवलेल्या त्या पुतळ्याचं अनावरण १९२८ साली गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झालं. याच विल्सनचा पुतळा कोल्हापूरच्या एका चौकात होता. १९४२ च्या आंदोलनात स्वातंत्र्यसैनिक स्त्रियांनी तो विद्रूप केला, आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. तो घडवला बाबूराव पेंटर यांनी. १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढणारे बाबूराव ते हेच. पुढे १९५२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’मधून चंद्रकांत मांढरे यांनी महाराजांना चालतं-बोलतं केलं. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या जी. कांबळे यांनी काढलेलं महाराजांचं चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलं, आणि ते शाळाशाळांत, कचेऱ्यांत लागलं. बाबूराव, भालजी, चंद्रकांत, कांबळे : चौघेही कोल्हापूरच्या कलापरंपरेतले. कुंभाराच्या साच्यातले महाराज त्या लघुचित्रांपेक्षा यांच्या कामाच्या अधिक जवळचे आहेत.

वीतभर मूर्तीत बारकावा मावत नाही. म्हणून साचेकार मोजक्या खुणा ठळक करतो. जगभर खेळण्यांची रीत हीच आहे. लेगोच्या १९७८ सालच्या छोट्या माणसांचा चेहरा एकसारखाच होता, कोण कोण आहे ते टोपी आणि हातातली वस्तू सांगायची. ठळक खूण मुलाला लगेच कळते, हा तिचा गुण. पण खूण ठरली की तिच्याबाहेरचा माणूस साच्यात उतरतच नाही, हा तिचा धोका.

किल्ल्यावर हा धोका स्पष्ट दिसतो. लढणारे सगळे एकाच चेहऱ्याचे आणि एकाच वेशाचे. बाई आहे ती पाणी आणते किंवा भाजी विकते. मुसलमान आहे तो वाघनखांखाली पडलेला अफजलखान. एवढंच पाहून मोठं झालेलं मूल स्वराज्याचं जे चित्र मनात धरेल, ते अपुरं असेल.

खरा इतिहास आपल्या पन्हाळ्यावरच आहे. १६६० मध्ये गडाला पडलेला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा फोडायला नेतोजी पालकरांबरोबर धावून आले ते सिद्दी हिलाल आणि त्यांचा मुलगा सिद्दी वाहवाह. महाराजांचा वेश घालून शत्रूच्या हाती गेलेले शिवा काशीद न्हावी समाजातले; पन्हाळ्याजवळ त्यांची समाधी आहे. स्वराज्याच्या आरमारात दौलतखानासारखे सरदार होते. राजाराम महाराजांच्या पश्चात, १७०० पासून औरंगजेबाशी लढा चालवणाऱ्या ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा कावळा नाक्यावर उभा आहे, आणि कोल्हापूरची गादीही त्यांनीच स्थापली. तरी किल्ल्यावरच्या चित्रांत या सगळ्यांना जागा नाही.

नवा साचा करणं कुंभाराला अवघड नाही. मागणी नसल्याने तो होत नाही, आणि मागणी करणं आपल्या हातात आहे. किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या तालमी आणि मंडळांनी यंदा नियमांत एक ओळ घालावी : पन्हाळा बांधाल तर शिवा काशीद आणि सिद्दी हिलाल किल्ल्यावर हवेत. आईवडिलांनी कुंभाराच्या दारात उभं राहून ताराराणी मागाव्यात, आणि नसतील तर पुढच्या वर्षासाठी आगाऊ पैसे देऊन सांगून ठेवाव्यात. महाराजांचं रूप कोल्हापूरच्या कलावंतांनी घराघरांत नेलं. त्यांच्या सोबत्यांचं रूप नेण्याची जबाबदारीही कोल्हापूरनेच उचलावी.