माळढोकाच्या मुलखात

सचिनच्या जुन्या रहिवाशांस या गावाचा एक करार ठाऊक असेलच. 1791 साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळूमियाँ यांनी जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांकडे सोडला आणि मोबदल्यात सुरतेजवळची ही जहागीर स्वीकारली. माणसांना मुलूख असा बदलून मिळतो. आपल्या वाडवडिलांनीही देश, खानदेश सोडून हीच भूमी आपलीशी केली. हे ज्याला कधीच साधले नाही, अशा एका पाखराची कथा आम्हांला राजस्थानात उमगली.

एका हिवाळ्यात आम्ही मोटारीने सचिनहून निघालो. अहमदाबादेपुढे हिरवाई विरत गेली. सांचोर, बाडमेर मागे टाकीत दुसऱ्या दिवशी जैसलमेर गाठले. येथील मरुभूमी राष्ट्रीय उद्यान 1980 साली घोषित झाले. त्याचा विस्तार 3,162 चौरस किलोमीटर आहे. आमच्या मनात वाळूच्या टेकड्या होत्या. पण त्यांनी उद्यानाचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापला आहे. उरलेली भूमी खडकाळ, सेवण गवताची, विरळ खेजडीची. सोबतचे एक वडीलधारे पाहताक्षणी म्हणाले, "हा तर आपला सोलापूरकडचा माळ!"

त्या माळाचा धनी म्हणजे माळढोक. मीटरभर उंचीचा हा पक्षी एके काळी दख्खनच्या माळांवर सर्वत्र आढळे. राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अलींनी त्याचेच नाव सुचविले होते. 1963 साली तो मान मोराला मिळाला. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आधी शिकारीने संख्या घटली. पुढे 'पडीक' म्हणून हिणवलेला माळ पाणी पोहोचताच उसाखाली गेला. सोलापूरजवळ नान्नज येथे 1979 साली अभयारण्य झाले, तरी आज तेथे माळढोकाचे दर्शन दुर्मीळच. उकाईच्या कालव्यांवर समृद्ध झालेल्या सुरत जिल्ह्यात राहून त्या उसाला दोष देताना आमची जीभ अडखळते.

वाळवंटातही त्याला अभय नाही. पवनचक्क्यांच्या व सौर प्रकल्पांच्या वीजतारा आता आकाशात आहेत. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड देहामुळे चटकन वळता येत नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला यात लक्ष घालावे लागले. सम येथे 2019 पासून रानातली अंडी आणून पिल्ले वाढविली जातात. 2024 साली कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले.

सुदासरीच्या कुंपणापलीकडे, दुर्बिणीतून, एक माळढोक संथ पावले टाकताना दिसला. वाटाड्या हळूच म्हणाला, "गोडावण." आमच्यातील मुलांनी विचारले, "आपण याला काय म्हणतो?" आम्ही नाव सांगितले, आणि ते आपण त्यांना आजवर कधीच सांगितले नव्हते, हेही त्याच क्षणी ध्यानी आले.