पोहऱ्याच्या गळापासून पाईपच्या पाणयंत्रापर्यंत

मंडळी, कंधारात बसून समुद्रतळाच्या गोष्टी सांगायच्या म्हटल्या, तर कुणीही विचारेल की इथून समुद्र किती लांब! पण या गावाला समुद्र नवा नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याची कारकीर्द इ.स. ९३९ ते ९६७. त्याच्या काळातल्या कंधारच्या शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ हे नाव येतं. आपल्या माणसांनी तळ्यालाच समुद्र म्हटलं. पुढे भुईकोट किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आला. मन्याड तर आहेच, तिच्यावर बारूळचं धरण आहे, आणि शेताशेतांतून विहिरी आहेत. म्हणजे पाणी आपल्या रोजच्या बघण्यातलं. त्याचा तळ मात्र आपण क्वचितच बघतो.

तळाशी हात पोचवायचं आपलं जुनं अवजार म्हणजे गळ. शेंदताना दोर तुटून पोहरा आडात पडला, की गळ मागून आणायचा. लोखंडी आकडे दोराला बांधायचे, खाली सोडायचे आणि हळूहळू फिरवायचे. काही अडकलं की हाताला कळायचं. दोराच्या एका टोकाला हात, दुसऱ्या टोकाला लोखंड, मधलं सगळं अंदाजाचं. आज आपण ज्या यंत्राचा इतिहास बघणार आहोत, ते म्हणजे डोळे फुटलेला गळ आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आरओव्ही म्हणतात. दुरून चालवायचं, माणूस आत न बसणारं पाण्याखालचं वाहन.

आता पहिला प्रश्न पोरं विचारतात तो असा : ड्रोन बिनतारी उडतं, मग याला दोर कशाला? कारण हवेत सहज धावणाऱ्या रेडिओ लहरी पाण्यात थोड्याच अंतरात विरून जातात. म्हणून वीज आणि हुकूम तारेतून खाली जातात, चित्र तारेतूनच वर येतं. गळाचा दोर सुटला नाही, फक्त त्यातून वीज वाहायला लागली.

या यंत्रांच्या सुरुवातीला नाव घेतलं जातं ते दिमित्री रेबिकॉफ यांचं. त्यांनी १९५३मध्ये ‘पूडल’ नावाचं तारेवर चालणारं यंत्र केलं, आणि तेही बुडालेल्या जुन्या अवशेषांच्या शोधासाठी. म्हणजे इतिहासाचं आणि या यंत्राचं नातं पहिल्यापासूनचं आहे. पण पैसा ओतला तो अमेरिकी नौदलानं.

१७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधल्या पालोमारेस गावावर अमेरिकेची दोन लष्करी विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. तीन जमिनीवर सापडले, चौथा समुद्रात गेला. मोठी मोहीम निघाली. बॉम्ब नेमका कुठं पडला हे मात्र तिथल्या एका कोळ्यानं, फ्रान्सिस्को सिमो यानं, डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यानं दाखवलेल्या जागेच्या आधारानं शोध पुढे सरकला. सुमारे ८७० मीटर खोलीवरून ७ एप्रिलला बॉम्ब वर आला. त्यासाठी नौदलाचं ‘कर्व्ह’ हे तारेवरचं यंत्र खाली गेलं, ते बॉम्बच्या पॅराशूटमध्येच गुंतलं, आणि शेवटी दोघांना एकत्रच वर ओढलं. लक्षात घ्या, एवढी यंत्रं असूनही पाण्याची खूण सांगायला गावचा माणूस लागला.

सात वर्षांनी, १९७३मध्ये, आयर्लंडजवळ ‘पायसीस ३’ ही छोटी पाणबुडी दोन माणसांसह ४८० मीटरवर जाऊन पडली. तीन दिवसांहून जास्त काळ ती दोघं आत होती. दोर बांधायच्या कामात ‘कर्व्ह’चाच पुढचा भाऊ, ‘कर्व्ह ३’, उपयोगी पडला. दोघं जिवंत वर आले तेव्हा काही मिनिटांचाच प्राणवायू उरला होता. बॉम्ब काढणारं यंत्र माणसंही काढू शकतं, हे जगानं पाहिलं.

इथवर हा खेळ सरकारांचा आणि तेल कंपन्यांचा. तो शाळेत आला पीव्हीसी पाईपमुळे. हॅरी बोम आणि विकी जेन्सन यांनी १९९७मध्ये घरच्या घरी पाण्याखालचा रोबोट करायचं पुस्तक काढलं. २००३मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं ‘सी पर्च’ हा शाळांसाठीचा उपक्रम सुरू केला. आणि २००४मध्ये सांता बार्बराच्या स्पर्धेत नवल घडलं. फिनिक्स शहरातल्या कार्ल हेडन या सरकारी शाळेची चार मुलं, मेक्सिकोतून आलेल्या गरीब घरांतली, कागदपत्रं नसलेली. त्यांचं यंत्र पाईपचं, खर्च सुमारे ८०० डॉलर. चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासावरून नाव ठेवलं ‘स्टिंकी’. समोर खुद्द एमआयटीचा संघ. ऐन स्पर्धेत यंत्राच्या पेटीत पाणी झिरपायला लागलं, तर पोरांनी दुकानातून टॅम्पॉन आणून ते आत भरले आणि पाणी शोषून घेतलं. पहिला नंबर त्यांचा आला.

आपल्या देशातही हे काम झालेलं आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं ‘रोसब ६०००’ २०१०मध्ये हिंदी महासागरात ५,२८९ मीटरपर्यंत गेलं. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं ‘माया’ नावाचं, दोराशिवाय आपलं आपण फिरणारं वाहन केलं.

आता आपल्याकडचा पाईप. विहिरीच्या मोटारीपासून ठिबकपर्यंत तो आपल्या शेतात आहे. अर्ध्या इंची पाईपचे तुकडे, एल्बो आणि टी घेऊन एक चौकट जोडायची. पाईपला मुद्दाम भोकं पाडायची. ऐकायला उलटं वाटतं, पण पाणी आत शिरलं की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि पाईप दबत नाही. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, हे विसरून चालत नाही. वरच्या बाजूला फोम, खालच्या बाजूला वजन, म्हणजे यंत्र उलटत नाही. तीन छोट्या मोटारी : दोन मागे, पुढं जायला आणि वळायला, एक मध्ये, वर-खाली करायला. ‘सी पर्च’मध्ये कॅमेऱ्याच्या रिळाच्या जुन्या डब्या घेऊन त्यांत मोटार बसवतात आणि भोवती मेण भरतात. वीज काठावरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची. घरातल्या लाईनची कधीच नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो तोलात. यंत्र किंचित तरंगतं ठेवायचं, म्हणजे बॅटरी संपली तरी ते आपोआप वर येतं. आधी हौदात बघायचं, फोमचा तुकडा कापायचा, पुन्हा बघायचं. आर्किमिडीजचा नियम फळ्यावर पाच मिनिटांत होतो. हौदात त्याला दुपार लागते, पण मग तो जन्मभर विसरत नाही.

त्याचा इथं उपयोग काय? खोटी आशा दाखवायची नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. शेवाळात, वेलींत पंखा अडकेल. अडकलेली जड मोटार हे यंत्र ओढून काढणार नाही. पण मोटार कुठं अडकलीय, कडेचा दगड कुठं सुटलाय, हे निवळ पाण्यात दाखवू शकेल. जुन्या, बंद विहिरीत वायू साठतो. एक माणूस उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि घरं दोन उजाडतात. यंत्राला श्वास लागत नाही. माणूस उतरवायच्या आधी ते उतरवलं आणि त्यामुळे एकाचं जरी उतरणं टळलं, तरी सगळा खटाटोप फिटला.

आणि खंदक? या गावात क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडलेत. पाण्याखाली काय आहे, हा प्रश्न मनात येणारच. पण तिथं पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय काही सोडायचं नाही, आणि वर तर काहीच काढायचं नाही. बघणं आणि उचलणं यांत फरक आहे. वस्तू जागची हलली की तिची निम्मी साक्ष जाते.

तेव्हा सुरुवात आपल्याच शाळेच्या हौदापासून करू. पाईपचे उरलेले तुकडे घरोघरी पडलेले आहेत. आणि यंत्र विहिरीवर न्यायची वेळ आली, की आधी शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना विचारू, गळ कुठं लागायचा म्हणून. पालोमारेसच्या कोळ्यासारखं त्यांनाच ते ठाऊक असणार.