उण्या पावलाची भर

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव बंजारा समाजाची काशी मानले जाते. येथे जगदंबेचे स्थान आहे, 1739 साली जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि रामनवमीस विदर्भ-मराठवाड्याबरोबरच तेलंगण व कर्नाटकातील तांड्यांमधूनही येथे भाविकांची रीघ लागते. या गर्दीत एक पाय आखूड असलेला यात्रेकरूही असतो. वाटेत त्याच्या जोड्याचा जाड तळ दोन बोटांचे अंतर भरून काढीत असतो. मात्र देवळाच्या पायरीशी जोडा उतरला की ते अंतर पुन्हा प्रकट होते, खांदा एका अंगास झुकतो, आणि देवीपुढे जाईतो प्रत्येक पावलागणिक कमरेस हिसका बसतो. या साध्या जाड तळालाही एक इतिहास आहे. ज्या हातांनी तो घडविला त्यांची आठवण ठेवणे हे कृतज्ञतेचे काम आहे, असे मी मानतो.

मोगल अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील सरकार बाशीम या नावाने ज्याची नोंद दप्तरात होती, त्या मुलखातून बंजाऱ्यांची लदेणी चाले. धान्याच्या व मिठाच्या गोणी बैलांवर लादून, नायकाच्या हुकमतीखाली, बायकामुलांसह सारा तांडा पायी मजल दरमजल करीत जाई. फौजांची रसदही हेच लोक पुरवीत. 1803 साली दख्खन व वऱ्हाडातील युद्धात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याची भिस्त पुष्कळ अंशी बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. चालणे हीच ज्यांची उपजीविका, त्यांच्यात पाय मोडणे म्हणजे केवळ देहदुःख नव्हते, तर धंद्यातून उठणे होते. हाड बसविण्याची विद्या या देशात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेची आञ्छन, पीडन, संक्षेप व बंधन अशी चार कर्मे सांगितली आहेत, उंबर, पिंपळ, पळस इत्यादी वृक्षांच्या साली बांधण्यासाठी सुचविल्या आहेत, आणि मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णास हलता येऊ नये म्हणून खुंट्या मारलेल्या फळीवर निजविण्याची योजनाही वर्णिली आहे. ताणून बसविलेले हाड एकावर एक चढून पाय आखूड होऊ नये, हा या सर्व खटाटोपाचा हेतू होता. परंतु रानावनातून वाट काढणाऱ्या माणसास इतके दिवस फळीवर पडून राहण्याची सवड कोठून मिळणार? हाड सांधे, माणूस उठून चालू लागे, आणि पाय मात्र जन्माचा उणा राही.

ही उणीव भरून काढण्याचे साहित्य गावातच होते. बलुतेदारांपैकी चर्मकार हा मोट शिवी, बैलांच्या वाद्या कापी, वहाणा घडवी. चामड्याचे किती पदर एकावर एक शिवले असता तळ किती उंच होतो व किती लवतो, हे त्याची रापी आणि आरी जाणत होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याची व्यवस्था विस्ताराने वर्णिलेली आहे. तिच्यात प्रत्येकाचा हक्क आणि प्रत्येकाची पायरी ठरलेली होती. या ठरलेल्या पायऱ्यांनीच घात केला. देहाचे ज्ञान ज्याच्यापाशी, त्या वैद्यास चामड्याचा विटाळ. आणि चामड्याचे ज्ञान ज्याच्यापाशी, त्या चर्मकारास वैद्याच्या ओसरीवर बसण्यास मज्जाव. पाय मोजणारा आणि जोडा शिवणारा यांची गाठ पडू न देणारी ही व्यवस्था अनेक लंगड्या माणसांना अकारण लंगडी ठेवून गेली, हे कबूल केल्यावाचून या विषयाचा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

जेथे ही गाठ पडली, तेथे काय घडले याचा दाखला लिव्हरपूलमध्ये मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे व्यवसाय करणारा ह्यू ओवेन थॉमस हा परंपरेने हाडे बसविणाऱ्या घराण्यात जन्मला होता व रीतसर वैद्यकही शिकला होता. त्याने आपल्या दवाखान्यालगतच लोहार व खोगीर शिवणारा कारागीर यांना कामास ठेवले. खुब्याच्या क्षयाने पीडलेल्या मुलाच्या निरोगी पायाच्या बुटाखाली तो लोखंडी कडे बसवून तो पाय उंच करी, जेणेकरून दुखरा पाय जमिनीस न टेकता विश्रांती घेई. त्याच्या नावाची पट्टी आणि त्याच्या नावाची टाच आजही अस्थिरोगाच्या शास्त्रात रूढ आहेत.

महाराष्ट्रात ही परंपरा दुसऱ्या महायुद्धाच्या वाटेने आली. जखमी सैनिकांसाठी 1944 साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले, आणि लाकूड, चामडे व धातू यांचे कारागीर डॉक्टरांच्या शेजारी बसून काम करू लागले. पाठोपाठ पोलिओने मुलांच्या पायांकडे लक्ष वेधले. आपल्या मुलीस हा आजार झाल्यावर फातेमा इस्माईल यांनी जिद्दीने 1947 साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाचे कार्य उभे केले, आणि 1955 साली हाजी अलीस भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. महाराष्ट्राबाहेर, जयपुरास रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित पण अद्भुत हाताच्या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहवासात 1968 च्या सुमारास अनवाणी चालता येईल असा रबरी पाय घडविला; वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांसाठी मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला प्रचारात आणल्या. मोजणारा आणि घडविणारा एका बाकावर बसले, तेथे तेथे माणूस चालू लागला.

त्या बाकावर काम कसे होते, तेही पाहण्यासारखे आहे. रुग्णास उताणे निजवून, कमरेच्या पुढच्या अंगास हातास लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत फीत लावली म्हणजे पायाची खरी लांबी कळते. बेंबीपासून घोट्यापर्यंत लावली तर आखडलेल्या खुब्यामुळे किंवा कललेल्या कमरेमुळे भासणारे आखूडपण कळते. ही दोन उत्तरे जुळली नाहीत, तर जोड्याआधी खुबा आणि कणा तपासावा लागतो. मग रुग्णास उभे करून आखूड पायाखाली एकेक पातळ फळी सरकवीत जायचे आणि मागून दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर ठेवून पाहायचे. अंगठे एका पातळीत आले की खाली साचलेल्या फळ्यांची जाडी हेच उणिवेचे माप.

आता कारागिराचे काम सुरू होते. सुमारे एक सेंटिमीटरपर्यंतची भर बुटाच्या आत टाचेखाली मावते. त्याहून अधिक घातली तर टाच बुटातून वर निसटते, म्हणून ती तळाला बाहेरून जोडावी लागते. नुसती टाच उंच केली तर शरीराचा भार चवड्यावर येतो, म्हणून भर सबंध तळाखाली, पुढे निमुळती होत जाणारी आणि बोटांपाशी किंचित वर वळलेली असावी लागते, म्हणजे पाऊल पुढे कलताना अडत नाही. जोडा जड होऊ नये म्हणून कॉर्क किंवा हलके रबर वापरतात. आणि उणीव नेहमी पुरती भरायची नसते, हे या विद्येतील मर्म आहे: पोलिओने दुबळा झालेला पाय उचलताना जमिनीस घासू नये म्हणून तो सेंटिमीटरभर आखूडच ठेवतात, तसेच वर्षानुवर्षे कललेली कंबर एकाएकी समतल केली तर पाठ बंड करते, म्हणून भर टप्प्याटप्प्यानेच वाढवितात. वाढत्या मुलाचे माप तर पुन्हापुन्हा घ्यावे लागते; कारण पायाच्या लांबीची सुमारे दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या सांध्यालगत वर व खाली असलेल्या हाडांच्या वाढीच्या पट्ट्यांत होते, आणि तेथे इजा झाली की अंतर वयाबरोबर रुंदावत जाते.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे, ती विलायती पुस्तकांस ठाऊक नव्हती. आपण घरात, स्वयंपाकघरात आणि देवळात अनवाणी वावरतो. जोड्याची भर दिवसाचे काही तासच सोबत करते. ज्या बाईचा दिवस चुलीपाशी व अंगणात जातो तिला बुटाचा काय उपयोग? म्हणून घरात वापरण्याची स्वतंत्र, मागे पट्टा असलेली उंच चप्पल द्यावी लागते. पट्ट्यावाचून उंच तळावरील पाऊल घसरते. माप घेताना माणूस घरात किती वेळ असतो, काय काम करतो, कोठे अनवाणी जातो, हे न विचारणारा डॉक्टर अर्धेच माप घेतो.

शस्त्रक्रियेचा मार्गही खुला झाला आहे. फेमिस्टर या शल्यविशारदाने 1933 साली लांब पायाची वाढ वेळीच रोखण्याची पद्धत मांडली. सैबेरियातील कुर्गान येथे इलिझारोव्ह यांनी तारांच्या कड्यांनी हाड दिवसाला एक मिलिमीटर या गतीने वाढविण्याचे तंत्र सिद्ध केले. मोठे अंतर असेल तेथे हे वरदान आहे. परंतु महिनोन्महिने कडी वागविणे मजूर माणसास सहसा परवडत नाही, आणि दोन-तीन सेंटिमीटरांच्या उणिवेस बहुधा चांगला जोडा पुरतो.

1995 साली सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेचे फळ म्हणून 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पण त्यापूर्वीच्या पिढ्या आजही उण्या पायाने चालत आहेत, आणि अपघात, तान्हेपणी खुब्यात झालेला पू व क्षय ही कारणे सरलेली नाहीत. 1981 पासूनच्या केंद्रीय योजनेत उपकरणे मिळतात, ती चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावर. आणि आखूड पायाचे सरकारी गणित असे की पहिला अर्धा इंच शून्य, पुढील प्रत्येक अर्ध्या इंचास चार टक्के. म्हणजे ज्याचा पाय दोन इंच उणा, पण इतर काही दोष नाही, त्याच्या पदरी बारा टक्केच पडतात. त्यास दाखला नाही आणि जोडाही नाही. वस्तुतः साध्या जोड्याने ज्याचे आयुष्य सर्वांत अधिक सुधारेल तो हाच माणूस.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. आखूड पायाच्या जोड्यासाठी चाळीस टक्क्यांची अट शिथिल व्हावी. जिल्हा रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञाच्या शेजारी पगारी, प्रशिक्षित चर्मकार असावा, आणि रामनवमीच्या यात्रेत, जेथे दूरदूरच्या तांड्यांतील माणसे आपल्या पायांनी येतात, तेथे माप घेण्याचा एक तंबू दरवर्षी लागावा. माप तेथे घ्यावे, आणि जोडा पावसाळ्यापूर्वी, शेतीची कामे सुरू होण्याच्या आत, तांड्यावर पोहोचवावा. ज्या कारागिराला जुन्या व्यवस्थेने वैद्याच्या ओसरीबाहेर ठेवले, त्याला मानाने आत बोलाविणे हा त्या अन्यायाचा परिहार आहे, आणि लंगड्या माणसाच्या सरळ चालीचा मार्गही तोच आहे.