मूल जेवतच नाही? वाटी घेऊन मागे धावण्याआधी हे वाचा

काऊ-चिऊचे घास झाले, गॅलरीतून कबुतरं दाखवून झाली, शेवटी मोबाइलवर कार्टून लावलं. तरी वाटीतला वरणभात तसाच. दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्या अनेक घरांत हे रोजचं चित्र आहे. माझी ताई तर भाच्यामागे वाटी घेऊन अख्खा जिना उतरून खाली जायची. पण ‘काहीच खात नाही’ अशी तक्रार असलेली बरीच मुलं आजारी नसतात. त्यांची भूकच कमी झालेली असते.

भूक अचानक कमी का होते?

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होतं. ३ किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत ९ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र वजन साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. त्यात याच वयात नवा पदार्थ दिसला की तोंड फिरवायची सवय लागते. साधारण २ ते ६ या वयात ती सर्वात जास्त दिसते. एखादी भाजी मुलाने स्वीकारायला ती ८ ते १५ वेळा समोर यावी लागू शकते. आपण मात्र तिसऱ्या नकारालाच ‘हिला भोपळा आवडत नाही’ असं जाहीर करून मोकळे होतो.

आधी दुधाचा हिशेब करा

‘जेवला नाही तर निदान दूध तरी पिऊ दे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. गडबड इथेच होते. वर्षानंतर वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं, तर पोट दुधानेच भरतं आणि जेवणाला जागा उरत नाही. दुधात कॅल्शियम भरपूर असतं, पण लोह जवळपास नसतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होतं. त्यामुळे मूल किती खातं याइतकंच काय खातं हेही बघायला हवं. बिस्किटं आणि चहात बुडवलेली खारी यांनीही भूक मरते, शिवाय चहामुळे अन्नातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं.

मग द्यायचं काय?

वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. घरात जे शिजतं त्याचाच आकार बदला. माझी पहिली पसंती वरणफळांना. पोळीची कणीक लाटून तिचे छोटे शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे, उकळत्या वरणात सोडायचे, वर तूप. पास्ता मागणारी मुलंही हे खातात. वरण शिजताना त्यात मूठभर बारीक चिरलेला पालक किंवा शेवग्याची पानं घाला आणि वाढताना लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं.

नाचणीच्या पिठात ताक आणि किसलेलं गाजर घालून छोटी धिरडी घाला, मुलाला हातात धरता येतात. दुधी किंवा कोबी घातलेलं मऊ थालीपीठ लोण्यासोबत चालतं. घाईच्या सकाळी मेतकूट-तूप-भात आहेच. अंडं खात असाल तर उकडून कुस्करलेलं अंडं भातात मिसळा. मासे खाणाऱ्या घरात काटे नीट काढून सुरमईचा तुकडा द्या. गोडासाठी केळं किंवा चिकू पुरेसा आहे, २ वर्षांच्या आतल्या मुलाला वरून साखर नकोच.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं ५ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाण्याचं बारीक कूट चालेल. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा.

भरवायचं की नाही?

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची सोपी वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे पालकांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. ऐकायला सोपं आहे, आजी शेजारी बसलेली असताना पाळणं अवघड. तरी एवढं करून बघा: तीन जेवणं आणि दोन खाऊच्या वेळा ठरवा, मधल्या वेळेत फक्त पाणी द्या. ताटात एक ओळखीचा पदार्थ आणि चमचाभर नवा पदार्थ ठेवा. २०-३० मिनिटांनी काही न बोलता ताट उचला. मोबाइल बंद. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तर २ वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणते. सांडलं तर सांडू दे, खाली जुना पेपर अंथरा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

वजन कमी होत असेल किंवा महिनोन्‌महिने अडकलं असेल, चेहरा फिकट दिसत असेल, माती किंवा खडू खायची सवय असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा मूल एकेक करत पदार्थ सोडून मोजक्या चार-पाच पदार्थांवर आलं असेल, तर थांबू नका. जाताना लसीकरणाचं कार्ड आणि आधी केलेल्या वजनांच्या नोंदी सोबत न्या. जवळच्या अंगणवाडीतही वजन-उंची मोजून मिळते. टॉनिक मात्र डॉक्टरांना न विचारता आणू नका.