पेव कोणाच्या दारात?



परवा वर्षाची ज्वारी निवडून भरत होतो. सासूबाई म्हणाल्या, "आधी बी बाजूला काढ. मग घरात खायला." त्यांच्या माहेरी अंगणात पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, आत चारही बाजूंनी कडब्याचं अस्तर, तोंडावर फरशी आणि वर माती. पेव उघडलं की आधी वारा लागू द्यायचा, मग दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर आत उतरायचं नाही. त्या ज्वारीच्या भाकरीला उग्र वास यायचा, पण ती भाकरी होती!

माझ्या मनात आलं, दोन शेतकऱ्यांचं पीक सारखंच असलं तरी उत्पन्न सारखं असतं का?

इंग्रजी अमलात सारा रोखीने भरावा लागे. ज्याच्या घरी साठा नाही, त्याला सुगीतच, भाव पडलेले असताना ज्वारी विकावी लागे. पावसाळ्यात तीच ज्वारी सावकाराकडून उसनी आणायची. सवाईने घेतली तर 4 पायल्यांच्या 5 परत, दिढीने घेतली तर 6. म्हणजे पुढच्या पिकातला वाटा पेरणीआधीच गेलेला. ज्याचं पेव भरलेलं, तो भाव येईपर्यंत थांबू शके आणि बीही घरचंच पेरी. पीक तेवढंच, पण एकाचं घर वर येई आणि दुसऱ्याचं खाली जाई.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं हे त्यांचं मुख्य लक्ष्य होतं. पुढच्याच वर्षी पाऊस गेला आणि 1876 ते 78 चा दुष्काळ पडला. कडबा संपला तशी जनावरं गेली. बैल गेला म्हणजे पाऊस आल्यावरही नांगर कोण ओढणार? साठा हा नुसता मागच्या पिकाचा उरलेला भाग नसतो, पुढचं पीक त्यावरच उभं असतं.

आता एक अवघड गोष्ट. त्या सावकारांत आपल्या धर्माचे लोकही होते. आपण श्रावक परिग्रहाचं परिमाण घेतो, त्यात धन आणि धान्य दोन्हींची मर्यादा येते. लहानपणी मला वाटायचं, धान्याला कसली मर्यादा? ते तर खायचं असतं. आता कळतं. घराला पुरेल एवढी खायची ज्वारी आणि बी ही पुंजी. त्यापलीकडचा साठा दुसऱ्याच्या रिकाम्या पेवावर वाढतो.

काल आमच्या शेतावर कामाला येणारी बाई बी मागायला आली. तिने आपण होऊनच विचारलं, "परत किती द्यायचं?"

सासूबाईंनी 2 पायल्या मोजल्या आणि म्हणाल्या, "दोनच."