मुक्या माराची तारीख

मुका मार लागला की कातडी फाटत नाही. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साकळून डाग उमटतो. या डागाकडून साक्ष मिळवण्याची धडपड फार जुनी आहे. चीनमधले न्यायाधिकारी सोंग त्स यांनी १२४७ मध्ये बनावट डाग ओळखण्याची रीत लिहून ठेवली: झाडाची साल बांधून उठवलेला डाग दाबल्यावर टणक लागत नाही. आपल्याकडे असा डाग बिब्ब्याने उठवत. त्याला खाज सुटते, बारीक फोड येतात. हा फरक न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात.

एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोन खुन्यांच्या खूनसत्रानंतर वेगळा प्रश्न पुढे आला: मृतदेहावरचे डाग मरणाआधीचे की नंतरचे? तिथले डॉक्टर रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी मृतदेहांवर प्रहार करून पाहिले आणि १८२९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन विघटित होताना आधी हिरवं, मग पिवळं रंगद्रव्य तयार होतं. रंग ठरावीक क्रमाने बदलतो, तर त्यावरून दिवसही मोजता येतील, या तर्कातून रंगतक्ते आले. पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवा, आठवड्यानंतर पिवळा, असं विद्यार्थी पाठ करू लागले आणि डॉक्टर साक्षीत सांगू लागले.

१९९१ मध्ये लँग्लॉइस आणि ग्रेशॅम या संशोधकांनी डागांची छायाचित्रं तपासली. हाती एकच भरवशाची खूण लागली: पिवळेपणा दिसला, तर डाग किमान १८ तासांचा. पिवळेपणा नसला, तर काहीच सिद्ध होत नाही. सावळ्या कातडीवर तर तो दिसणंच अवघड. मुलांवरच्या अभ्यासांचा २००५ मधला आढावाही सांगतो की नुसत्या रंगावरून वय काढता येत नाही.

डाग तारीख सांगत नसला, तरी बरंच काही सांगतो. काठीचा वळ दोन समांतर रेघांत उमटतो, मधली पट्टी फिकी राहते. अजून रांगतही नसलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावरचा डाग धोक्याची घंटा असतो. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरने जागा, माप, आकार, रंग नोंदवावा, मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा आणि दिवसांचा अंदाज ताणू नये. चुकीच्या तारखेमुळे निरपराध माणूस आरोपी ठरू शकतो आणि कोठडीत मार खाल्लेल्याची खरी तक्रार खोटी ठरू शकते.