शांघाय २००७ : जर्मन महिला संघाचे अभेद्य जगज्जेतेपद

चीनमध्ये सप्टेंबर २००७मध्ये झालेल्या महिला विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत जर्मनीने २००३चे जगज्जेतेपद राखले, आणि ते राखताना सहा सामन्यांत २१ गोल करून स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. महिला विश्वचषक लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिलाच संघ होय. या पराक्रमाची थोरवी केवळ आकड्यांत मावणारी नाही, कारण ज्या जर्मन फुटबॉल महासंघाच्या नावाने हा संघ खेळला, त्याच महासंघाने १९५५मध्ये आपल्या संलग्न क्लबांना महिलांचे संघ उभारण्यास व त्यांना मैदाने देण्यास मनाई केली होती, ती १९७०मध्ये उठली, आणि त्यानंतरही काही काळ महिलांचा सामना ९०ऐवजी ६० मिनिटांचाच ठेवण्यात आला. राष्ट्रीय महिला संघाचा पहिला अधिकृत सामना १९८२मध्ये कोब्लेन्झ येथे स्वित्झर्लंडविरुद्ध झाला, त्यात बदली खेळाडू म्हणून उतरून दोन गोल करणारी सिल्व्हिया नाइड हीच २००७च्या संघाची प्रशिक्षक होती. १९८९मध्ये युरोपीय विजेतेपद मिळवणाऱ्या या महिलांना महासंघाने बक्षीस म्हणून दिला तो कॉफीच्या कपबशांचा संच, हे येथे विसरता कामा नये.

सलामीला अर्जेंटिनाचा ११-० असा धुव्वा उडाला, इंग्लंडने मात्र गोलशून्य बरोबरी साधली; पुढे जपान, उत्तर कोरिया आणि नॉर्वे यांना नमवून जर्मनी अंतिम फेरीत पोहोचला. तेथे गाठ पडली ती उपांत्य सामन्यात अमेरिकेला ४-० असे हरवून आलेल्या ब्राझीलशी, आणि योगायोग असा की त्या देशानेही १९४१पासून १९७९पर्यंत महिलांच्या फुटबॉलवर कायद्याने बंदी घातली होती. ३० सप्टेंबरला शांघायमध्ये ५२व्या मिनिटाला कर्णधार बिर्गिट प्रिन्झने गोल केला; त्यानंतर ब्राझीलला पेनल्टी, म्हणजे गोलपासून ११ मीटरवरून केवळ गोलरक्षकाला सामोरे जाऊन मारण्याची किक, मिळाली आणि स्पर्धेत सात गोल करणाऱ्या मार्ताचा तो फटका नादिने आंगररने अडवला. सामन्याचे पारडे खऱ्या अर्थाने फिरले ते याच क्षणी. ८६व्या मिनिटाला सिमोने लाउडेरने कॉर्नर किकवर हेडरने दुसरा गोल केला. आंगररची ५४० मिनिटांची ही अभेद्य कामगिरी पुरुषांच्या १९९०च्या विश्वचषकात इटलीच्या वॉल्टर झेंगाने नोंदवलेल्या ५१७ मिनिटांच्याही पुढे गेली.